चिन्हमीमांसा : फलकावरील अक्षरांचा अर्थ

चिन्हांतून अर्थ कसा निर्माण होतो, याचा अभ्यास करणारे शास्त्र म्हणजे चिन्हमीमांसा. स्विस भाषाशास्त्रज्ञ फर्दिनां द सोस्यूर (१८५७-१९१३) आणि अमेरिकन तत्त्वज्ञ चार्ल्स पर्स (१८३९-१९१४) हे तिचे प्रवर्तक मानले जातात. शब्द व अर्थ यांचे नाते निसर्गदत्त नसून सामाजिक संकेताने ठरते, असे सोस्यूर यांचे प्रतिपादन होते.

चेन्नईच्या दक्षिणेकडील तांबरम रेल्वे स्थानकाचे नाव फलकावर तमिळ, हिंदी व इंग्रजीत लिहिलेले आहे. तिन्हींतून एकाच स्थानकाचा बोध होतो. मात्र लिपीची निवडही अर्थ सूचित करते. मराठी प्रवाशाला देवनागरी अक्षरांचा आधार वाटतो, तर तमिळनाडूत अनेकांना ती हिंदी सक्तीची खूण वाटतात. फेब्रुवारी २०२५ मध्ये पोल्लाची स्थानकाच्या फलकावरील हिंदी नावाला काळे फासण्यात आले, ते याच भावनेतून.