प्रोटॉन किरणोपचार (खारघर)

कर्करोगाच्या गाठीवर प्रोटॉनांचा झोत सोडून करायचा उपचार. पनवेल तालुक्यातील खारघर येथे टाटा मेमोरियल सेंटरच्या 'ॲक्ट्रेक' या संस्थेच्या आवारात 2023 मध्ये तो सुरू झाला. देशातील सरकारी क्षेत्रातले हे पहिले केंद्र. त्याआधी, 2019 पासून, चेन्नईच्या एका खासगी रुग्णालयात ही सोय होती.

क्ष-किरण गाठ ओलांडून पलीकडच्या निरोगी पेशींनाही भाजतात. प्रोटॉन मात्र ठरावीक खोलीवर बहुतेक ऊर्जा ओततो आणि तिथेच थांबतो. ऊर्जा ओतण्याच्या या शिखराला 'ब्रॅग शिखर' म्हणतात. उपचारासाठी त्याचा उपयोग रॉबर्ट विल्सन यांनी 1946 मध्ये सुचवला. वाढत्या वयातील मुलांच्या मेंदूजवळच्या गाठींत क्ष-किरण आणि प्रोटॉन यांच्यातला हा फरक फार मोलाचा ठरतो.

खारघरला सायक्लोट्रॉन या प्रोटॉनांना वेग देणाऱ्या यंत्रातून निघालेला झोत तीन उपचारकक्षांत रुग्णाभोवती फिरणाऱ्या सांगाड्यांमार्फत, म्हणजे गँट्रींमार्फत, पोहोचतो. बारीक झोत गाठीवर ठिपक्याठिपक्याने, थराथराने फिरवला जातो. थर बदलताना ऊर्जा बदलावी लागते आणि वेळ तिथे जातो. तेवढ्यात श्वासाबरोबर फुफ्फुसातील गाठ सरकली, तर किरणांची मात्रा कुठे कमी, कुठे जास्त पडते. म्हणून वेग आणि अचूकता हे प्रश्न वेगळे काढता येत नाहीत. उपाय म्हणून ऊर्जाबदल जलद करणे, श्वासाशी झोत जुळवणे, एकाच थरावर पुनःपुन्हा झोत फिरवणे आणि उपचारादरम्यान पुन्हा सीटी स्कॅन करून आराखडा सुधारणे या पद्धती वापरतात.

वेग आणखी वाढवणाऱ्या 'फ्लॅश' तंत्रात सेकंदाला 40 ग्रेहून (ग्रे हे किरणमात्रेचे एकक) अधिक वेगाने मात्रा दिली जाते. प्रोटॉन फ्लॅशची पहिली मानवी चाचणी 2020 मध्ये अमेरिकेतील सिनसिनाटी येथे सुरू झाली. हे तंत्र अजून प्रायोगिक अवस्थेत आहे.