वारणेचा उत्तर देणारा संगणक

यंत्राला प्रश्न विचारावा आणि त्याने उत्तर द्यावे, ही कल्पना जुनीच आहे. १९६६ साली अमेरिकेतील एम.आय.टी. या संस्थेत जोसेफ वायझेनबॉम यांनी 'एलायझा' हा संवाद साधणारा प्रोग्रॅम मांडला. वाक्यातला ठरावीक शब्द हेरायचा आणि साच्यातले उत्तर द्यायचे, एवढेच तो करी. अर्थ त्याला कळत नसे. तरीही ही पद्धत किती कामाची ठरू शकते, हे पुढे कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगरला दिसले.

१९९८ साली केंद्र व राज्य सरकारने वारणेच्या सहकारी संस्थांबरोबर एक प्रकल्प सुरू केला. कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील सुमारे ७० गावांसाठी ५४ संगणक केंद्रे उभी राहिली. बाजारभाव, शेतीचा सल्ला, इंटरनेट असे सारे गावात येईल, ही अपेक्षा होती. प्रत्यक्षात केंद्रांचा उपयोग मुख्यतः साखर कारखान्याच्या कामापुरता राहिला. माझा ऊस किती टन भरला? खत किती उचलले? शेतकऱ्याला हवे होते ते हेच. पुढे संगणक जुने होऊ लागले आणि ते सांभाळण्याचा खर्च जाणवू लागला.

२००६-०७ च्या सुमारास मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी आधी हे प्रश्नच तपासले. ते मोजके आणि ठरावीक साच्याचे होते. मग कारखान्यात एक संगणक ठेवून त्याला मोबाइल जोडला. ठरावीक शब्द व क्रमांक लिहून एसएमएस पाठवला, की संगणक त्याची फोड करी, नोंद शोधी आणि उत्तर धाडी. सात गावांत आठ महिने ही चाचणी झाली. जुन्या पद्धतीची सर्व कामे झाली, खर्च कमी आला आणि शेतकऱ्यांनाही ती अधिक पसंत पडली.

आज शाळेच्या संगणकावरही चॅटबॉटचा सांगाडा बसवता येतो. त्याची कामे तीच: प्रश्न घेणे, त्याचा प्रकार ओळखणे, साठ्यातून उत्तर देणे. मात्र आजची भाषा-प्रारूपे नोंद नसतानाही सफाईदार उत्तर रचू शकतात. उसाचे वजन असे अंदाजाने सांगून कसे चालेल? त्यावर घरचे वर्षाचे उत्पन्न अवलंबून असते.

म्हणून विद्यार्थ्यांकडून हा उपक्रम करून घ्यावा. शाळेच्या कार्यालयात आठवडाभर येणारे प्रश्न, कोणाचे नाव न लिहिता, टिपून त्यांचे गट पाडावेत. प्रत्येक गटाचे उत्तर कोणत्या नोंदवहीत आहे, ते शोधावे. ज्याची नोंदच नाही, त्यासाठी 'माहिती नाही' हे उत्तर ठरवून ठेवावे. संगणक त्यानंतर सुरू करावा.