तळखडा

मिनेसोटात राहणारा माझा पुतण्या परसात अवजारे ठेवायला लाकडी खोपटे बांधतो आहे. फोनवर म्हणाला, "काका, पायासाठी साडेतीन फूट खड्डे खणतोय." एवढ्याशा खोपटाला? पण तिकडे हिवाळ्यात जमिनीतले पाणी गोठते, फुगते आणि वरचे बांधकाम उचलून धरते. म्हणून काँक्रीटचे खुंट त्या गोठणाऱ्या थराखाली न्यावे लागतात. हे पटले. मला खरी गंमत वाटली ती पुढच्या गोष्टीची. लाकडी खांब काँक्रीटवर थेट टेकवायचा नाही, मध्ये लोखंडी बैठक घालून इंचभर वर ठेवायचा. म्हणजे ओल चढत नाही.

"अरे, हा तर आपला तळखडा!" मी म्हटले. त्याला तो शब्दच माहीत नव्हता. म्हणून हा लेखनप्रपंच.

तळखडा म्हणजे वाड्यातल्या लाकडी खांबाखालचा घडीव दगड. आपल्याकडे बहुधा काळा पाषाण. तो ओल फारशी शोषत नाही, आणि वाळवीला खांबापर्यंत लपून जाता येत नाही. माडी, तुळया, छप्पर यांचा सारा भार खांबातून या दगडावर येतो आणि दगड तो जोत्यात पसरवतो. काम एवढेच, पण माणसाला ते सुचायला फार काळ लागला असावा. आधी खांब सरळ मातीत पुरत.

शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. तिथे डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात उत्खनन केले. वस्ती इसवी सनापूर्वी सुमारे १६०० ते ७०० ची. लाकूड केव्हाच मातीला मिळालेले, पण खांबांचे खड्डे मातीत ओळखू येत होते. त्यांवरून घरांचे आकार कळले. आधीची घरे चौकोनी, शेवटच्या काळातली गोल. म्हणजे तीन हजार वर्षांपूर्वीचे घर आपण वाचतो ते त्याच्या खांबांच्या जागांवरून!

जपानच्या होर्युजी मंदिरातला पाच मजली पॅगोडा जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींपैकी एक. त्याच्या मधल्या खांबाचे लाकूड ५९४ साली तोडलेले, असे त्याच्या वर्तुळांवरून ठरले आहे. हा खांब जमिनीत पुरला होता, त्याचा बुंधा कुजून खाली पोकळी झाली. भोवतीचे खांब मात्र चौथऱ्यावर, दगडांवर उभे. एकाच इमारतीत दोन्ही रीती, यापरता चांगला धडा वर्गातही देता आला नसता. (शिक्षकाची खोड, चालायचेच.)

आता आपल्या पुण्यात या. शनिवारवाड्याचा पाया १० जानेवारी १७३० ला घातला, वास्तुशांत २२ जानेवारी १७३२ ला झाली. सागवान जुन्नरच्या जंगलातले, दगड चिंचवडच्या खाणींतला. २७ फेब्रुवारी १८२८ ला आग लागली आणि आतले महाल गेले. आज आत गेल्यावर दिसतात ती दगडी जोती. दालन कुठे होते, चौक कुठे होता, हे सांगणारे तेवढेच उरले आहे.

हे सगळे आठवायला दुसरेही कारण आहे. आपला गावचा वाडा या दिवाळीनंतर उतरवायचा ठरले आहे. ठरले ते बरेच झाले, माडी आता कोणावर कोसळेल सांगता येत नाही. पण तळखड्यांना गिऱ्हाईक आधीच येऊन गेले. हल्ली बंगल्यांच्या बागेत कुंडीखाली ठेवायला ते मागतात म्हणे. विकायचे तर विका, माझी हरकत नाही. मात्र एकदा ते जागचे हलले की ओसरी किती खणांची, देवघर कुठे, माजघर कुठे, हे आम्हा तिघाचौघा म्हाताऱ्यांच्या डोक्यातच राहील.

तेव्हा मंडळी, दगड उचलण्याआधी चार दिवस मला कळवा. प्रत्येकावर खडूने आकडा घालून, अंतरे मोजून, कागदावर नकाशा उतरवू. मोजायची फीत माझ्याकडे आहे. दुसरे टोक धरायला मात्र कोणीतरी या, माझ्याने आता वाकवत नाही.