कल्याणचा फाटा

गाडी कल्याणच्या अलीकडे थांबली की डब्यात कुणीतरी हमखास म्हणतं, "झालं! आता सिग्नल मिळेपर्यंत बसा." आमच्या बदलापूरच्या सूनबाईंचं हे रोजचंच रडगाणं. भूगोल शिकवायची जुनी खोड असल्यामुळे मी त्यांना एकदा कागदावर आकृतीच काढून दिली. तीच इथे शब्दांत मांडतो.

कल्याणला वाटा फुटत होत्या त्या रेल्वेच्या कितीतरी आधीपासून. उल्हास खाडीवरचं हे जुनं बंदर. इथल्या लोकांनी दिलेल्या दानांचे उल्लेख कान्हेरीच्या शिलालेखांत आहेत. इथून माल नाणेघाटाने जुन्नरला, बोरघाटाने पुण्याकडे आणि थळघाटाने नाशिककडे चढायचा.

१८५३ मध्ये गाडी ठाण्यापर्यंत आली आणि १ मे १८५४ ला खाडी ओलांडून कल्याणला पोचली. पुढे सह्याद्री आडवा. मुख्य अभियंता जेम्स बर्कले यांनी दोन्ही घाट चढायचं ठरवलं, म्हणजे फाटा कल्याणलाच पडणार हे ओघानं आलंच. बोरघाट १८६३ मध्ये खुला झाला, थळघाट १८६५ मध्ये. बोरघाटाचे ठेकेदार सॉलोमन ट्रेडवेल १८५९ मध्ये इथे आले आणि थोड्याच दिवसांत वारले. त्यांच्या पत्नी अॅलिस यांनी ठेका सोडला नाही, काम पुरं करवून घेतलं. आमच्या क्रमिक पुस्तकांत ही बाई कधी भेटली नाही. असो.

आता आकृती. मुंबईहून येताना डावीकडे शहाड, टिटवाळा, कसारा; उजवीकडे विठ्ठलवाडी, बदलापूर, कर्जत. आपल्याकडे गाड्या डाव्या हाताने धावतात. त्यामुळे डाव्या रुळावरून येऊन कर्जतकडे वळणाऱ्या गाडीला कसाऱ्याहून येणाऱ्या गाडीची वाट कापूनच जावं लागतं. ना वरून पूल, ना खालून बोगदा. दोन्ही वाटा एकाच पातळीवर. एक जाईपर्यंत दुसरी थांबणार! त्यात धीम्या आणि जलद मार्गांची अदलाबदल, मेल, एक्स्प्रेस, मालगाड्या. दिवसाला मोजक्या गाड्या होत्या तेव्हा हे सहज खपून गेलं. आता एक गाडी दोन मिनिटं रेंगाळली की मागे डोंबिवलीपर्यंत रांग लागते आणि कुणाचं तरी पोर पाळणाघरात वाट बघत बसतं.

२०२२ मध्ये ठाणे-दिवा पाचवी-सहावी मार्गिका सुरू झाली, लांबच्या गाड्यांना निराळी वाट मिळाली. पण ती वाटही शेवटी या फाट्यावरच येते. म्हणून माझ्या मते नव्या गाड्यांच्या घोषणांपेक्षा कल्याण यार्डाची फेररचना जास्त महत्त्वाची. लोकल आणि लांब पल्ल्याच्या गाड्या तिथे वेगळ्या काढायच्या, असं ते काम हाती घेतलेलं आहे. ते पुरं होईपर्यंत खोपोलीची लोकल आणि नाशिककडून येणारी मेल एकदमच आल्या, तर आधी कुणाला सोडायचं हे सिग्नलच्या पॅनेलवर बसलेल्या माणसाने ठरवायचं.