साठ दिवस आधीची भूक

गोष्ट २०२३च्या सप्टेंबरातली. दुपारचे साडेतीन वाजले होते. मिरजेच्या आमच्या घरात चहाचं आधण नुकतंच चढलं होतं आणि अटलांटाहून लेकीचा फोन आला. तिच्याकडे सकाळचे सहा. अशा अवेळी मुलांचा फोन आला की आईबापाच्या काळजात आधी धस्स होतं. पण ती अगदी शांतपणे म्हणाली, ‘‘अब्बा, २१ नोव्हेंबरला दुपारी पावणेएक वाजता जेवाल का?’’

मी म्हणालो, ‘‘बेटा, आज रात्री घरात काय शिजणार आहे ते तुझ्या अम्मीनं मला अजून सांगितलेलं नाही. नोव्हेंबरातल्या भुकेचं मी काय सांगू?’’

ती हसली, पण तिची घाई खरी होती. नोव्हेंबरात आम्ही दोघं तिच्याकडे जाणार होतो आणि नातवाला घेऊन सगळ्यांनी फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड बघायचं ठरलं होतं. तिथं बसवून वाढणारी जी हॉटेलं आहेत, त्यांचं आरक्षण साठ दिवस आधी भल्या सकाळी खुलं होतं आणि मोक्याच्या वेळा पाहता पाहता संपतात. म्हणून माझी लेक झोपमोड करून, मोबाइल हातात घेऊन, आमच्या दोन महिन्यांनंतरच्या भुकेची सोय करत बसली होती.

मला काही ते रुचलं नाही. आमच्याकडे दस्तरखान अंथरला की दारावरून जाणाऱ्यालाही हाताला धरून बसवतात. शेजारी कार्य असलं की शेवटची पंगत किती वाजता उठेल हे आचाऱ्यालाही ठाऊक नसतं. जेवण ही बोलावण्याची गोष्ट, नंबर लावण्याची नव्हे, असं माझं ठाम मत. ‘‘राहू दे, भूक लागली की बघू,’’ असं सांगून मी फोन ठेवला. लेक शहाणी. तिनं माझं निम्मंच ऐकलं. २१ तारीख तशीच सोडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा पहाटे उठून २२ तारखेचं टेबल मला न विचारता धरून टाकलं.

जायला दोन महिने हातात होते. बी.ए.ला इतिहास घेतलेल्या माणसाची खोड जात नाही. करमणुकीच्या बागेत जेवणासाठी एवढा आधी नंबर लावायची ही रीत आली कुठून, हे मी शोधू लागलो.

गोष्ट सुरू होते एका बाकावर. लॉस एंजेलिसच्या ग्रिफिथ पार्कमध्ये वॉल्ट डिस्ने आपल्या दोन मुलींना मेरी-गो-राउंडवर बसवत आणि स्वतः बाकावर शेंगदाणे खात बसत. मुलं मजा करतात आणि आईबाप नुसते ताटकळतात. दोघांनाही मिळून रमता येईल अशी जागा का नसावी, हा विचार तिथं मनात आला, असं ते पुढे सांगत. एवढ्या मोठ्या उद्योगाच्या मुळाशी एक कंटाळलेला बाप आणि मूठभर शेंगदाणे आहेत, हे वाचून मला बरं वाटलं.

मग १७ जुलै १९५५चा रविवार उजाडला. कॅलिफोर्नियातल्या ॲनाहाइमला डिस्नेलँडचं उद्घाटन होतं. टेलिव्हिजनवर थेट प्रक्षेपण. निवेदकांमध्ये रोनाल्ड रेगन नावाचे एक नट होते, ते पुढे राष्ट्राध्यक्ष झाले. दिवस फक्त निमंत्रितांचा; पण बनावट तिकिटं घेऊन कितीतरी लोक आत शिरले आणि गर्दी अठ्ठावीस हजारांच्या घरात गेली. ऊन असं की ताज्या डांबरात बायकांच्या चपलांच्या टाचा रुतत होत्या. प्लंबर लोकांच्या संपामुळे पिण्याच्या पाण्याचे नळ आणि स्वच्छतागृहं यांपैकी एकच काम वेळेत होणार होतं. डिस्ने यांनी स्वच्छतागृहं निवडली. घसे कोरडे पडले आणि उपाहारगृहांतलं खाणं संपून गेलं. लग्नघरात भात कमी पडला की यजमानाला तोंड कुठे लपवू असं होतं, तशी गत झाली. डिस्नेच्या माणसांत त्या दिवसाला ‘काळा रविवार’ असंच नाव पडलं.

गर्दी आधी मोजता आली नाही तर पाहुणा उपाशी राहतो, हा पहिल्याच दिवसाचा धडा. पण केवळ पोट भरायचं असतं तर चार खिडक्या वाढवून भागलं असतं. पुढे जेवणाचा अर्थच बदलला. मार्च १९६७मध्ये डिस्नेलँडमध्ये ‘ब्लू बायू’ नावाचं उपाहारगृह सुरू झालं. त्याच्या तीन महिने आधी वॉल्ट डिस्ने वारले होते. इथं भर दुपारी आत शिरलं तरी रात्र असते. मंद कंदील लागलेले असतात आणि समोरच्या पाण्यातून समुद्री चाच्यांच्या सफरीला निघालेल्या होड्या जातात. जेवायची जागा हीच आता बघायची जागा झाली. बघायला सगळेच येणार. टेबलं मात्र होती तेवढीच.

१ ऑक्टोबर १९७१ला फ्लोरिडातलं वॉल्ट डिस्ने वर्ल्ड उघडलं. त्याच्या मधोमध सिंड्रेलाचा किल्ला आणि किल्ल्यात भोजनगृह. त्याला नाव दिलं होतं राजा स्टीफनचं. हा राजा सिंड्रेलाचा कुणीच नव्हे. दुसऱ्याच गोष्टीतल्या, शंभर वर्षं झोपणाऱ्या राजकन्येचा तो बाप. कवितेत एक अनुस्वार चुकला तरी आमची झोप उडते. इथं ही गफलत पाव शतक पाटीवर झळकत होती. १९९७मध्ये नाव बदलून सिंड्रेलाचं केलं. पण लहान मुलींना किल्ल्यात जेवायचं होतं, पाटीवर कुणाचं का नाव असेना.

१९८२च्या ऑक्टोबरात तिथंच ‘एपकॉट’ ही दुसरी बाग सुरू झाली. तिच्यात एका तळ्याभोवती निरनिराळ्या देशांचे विभाग आहेत आणि त्या त्या देशाचं जेवण. सुरुवातीला नऊ देश होते, पुढे मोरोक्को आणि नॉर्वे मिळून अकरा झाले. दाराजवळच्या मोठ्या गोलाखाली पडदे लावलेले होते. पडद्याला बोट लावायचं, समोर खराखुरा माणूस दिसायचा, त्याच्याशी बोलून संध्याकाळचं टेबल ठरवायचं. १९८२ साली! आपल्याकडे तेव्हा रंगीत टीव्हीचं कौतुक चाललं होतं आणि फोनसाठी वर्षानुवर्षं नंबर लावावा लागत होता. तरी बघा, यंत्र एवढं पुढचं, पण त्यावर आरक्षण व्हायचं ते त्या दिवसापुरतंच. सकाळी यायचं आणि रात्रीचं ठरवायचं. भूक आणि आरक्षण यांत काही तासांचंच अंतर होतं.

ते अंतर पुढे वाढत गेलं. १९९०च्या दशकात अशी पद्धत होती की टेबल राखून ठेवत नसत; दिलेल्या वेळेला आलात तर पुढचं रिकामं होणारं टेबल तुमचं. मग २००५मध्ये मुक्कामाच्या पैशांबरोबर जेवणाचेही पैसे आगाऊ भरायची योजना आली. पैसे आधी भरले की टेबलही आधी धरून ठेवावंसं वाटणारच. आरक्षण तब्बल १८० दिवस आधी खुलं होऊ लागलं. सहा महिन्यांनंतर आपल्याला काय खावंसं वाटेल हे कोण सांगणार? म्हणून एकाच संध्याकाळसाठी दोन-तीन ठिकाणी टेबलं धरायची आणि ऐन वेळी एकीकडेच जायचं, असे प्रकारही होणार. बाहेर माणसं ताटकळत उभी आणि आत मांडलेलं टेबल रिकामं. २०१३पासून बहुतेक हॉटेलांत न कळवता गैरहजर राहणाऱ्याला माणशी दहा डॉलर आकारू लागले.

मार्च २०२०मध्ये महामारीमुळे सगळंच बंद पडलं. जुलैत बाग उघडली तेव्हा आगाऊ पैशांची योजना थांबलेली होती आणि १८० दिवसांचे ६० झाले होते. ती योजना जानेवारी २०२४मध्ये परत आली. १८० दिवस मात्र परत आले नाहीत.

जिथं टंचाई तिथं ब्लॅकवाला, हे आपल्याला थेटरापासून ठाऊक आहे. शहरांतल्या नामांकित हॉटेलांचीही आरक्षणं इंटरनेटवर विकली जाऊ लागली. शेवटी न्यूयॉर्क राज्याला डिसेंबर २०२४मध्ये कायदा करावा लागला, की हॉटेलच्या संमतीवाचून त्याचं आरक्षण तिसऱ्यानंच विकायचं नाही.

हे वाचताना मला आपली एस.टी. आठवत होती. गाडी फलाटाला लागायच्या आत खिडकीतून रुमाल टाकणारी आपण माणसं. लग्नाच्या हॉलमध्ये जेवणाऱ्याच्या खुर्चीमागे, तो ताक कधी पितोय याकडे डोळे लावून उभे राहणारेही आपणच. हाही नंबर लावणंच की! तिकडे तो रुमाल साठ दिवस आधी टाकतात, एवढाच फरक. पण तेव्हा मी त्याला हसत होतो.

२१ नोव्हेंबरला आम्ही त्या किल्ल्याच्या बागेत गेलो. अमेरिकेतल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाचा आठवडा, माणसांचा पूर लोटलेला. माझ्या पत्नीला मधुमेह आहे. गोळी घेतली की तिला वेळेवर चार घास पोटात लागतात. पण परक्या ठिकाणी आपल्यामुळे कुणाचा खोळंबा नको, म्हणून ती बोलली नाही. एक वाजला, दीड वाजला. नातवाला आणखी एक पाळणा हवा होता आणि मला बघायची हौस होती. पावणेदोनला आम्ही जेवणाचा विचार सुरू केला. बसून जेवायची ठिकाणं भरलेली आणि खिडक्यांपुढे रांगा. मोबाइलवरून खाणं आधी मागवून ठेवायची सोय २०१७पासून आहे. पण तीही आधी सुचावी लागते. रांगेत उभं असताना तिनं माझा दंड धरला. तिचे हात थरथरत होते, कपाळ घामानं भिजलेलं. मी घाबरून इकडेतिकडे बघू लागलो. सात वर्षांच्या नातवानं आपल्या हातातला फळांचा रस पुढे केला. ‘‘नानी, तू पी.’’

पंधरा मिनिटांत ती सावरली. लेक काही बोलली नाही. तिनं बोलायला हवं होतं असं मला वाटत राहिलं. दोष बागेचा नव्हता, गर्दीचाही नव्हता. ‘भूक लागली की बघू’ हे वाक्य माझं होतं, आणि भूक तिला लागली होती.

दुसऱ्या दिवशी लेकीनं ठरवलेल्या ठिकाणी गेलो. त्याचं नाव ‘सनाआ’. २००९मध्ये सुरू झालेलं हे उपाहारगृह जनावरांच्या बागेजवळच्या एका निवासात आहे. काचेबाहेर गवताळ रानात जिराफ आणि झेब्रे चरत असतात. आत आफ्रिकी आणि हिंदुस्थानी चवींचा मेळ. नान आणि त्याच्याबरोबर नऊ तऱ्हेच्या चटण्या-लोणची ही तिथली खासियत. सनाआ म्हणजे स्वाहिली भाषेत कला. मूळ अरबी. तोच शब्द उर्दूत सनअत होऊन आला. कारागिरीला सनअत म्हणतात आणि कवितेतल्या अलंकारालाही. आयुष्यभर जो शब्द वहीत बाळगला, तो समुद्रापलीकडे एका हॉटेलच्या पाटीवर भेटला.

आम्ही वेळेला पोचलो आणि थोड्याच वेळात बसलो. कशात काय घातलंय, कुठल्या ताटात मांस नाही, हे वाढणाऱ्या मुलीला निवांत विचारता आलं. पत्नीनं गोळी घेतली, नानचा तुकडा मोडला, चटणी लावली आणि म्हणाली, ‘‘एवढा समुद्र ओलांडून शेवटी नानच खाल्ला की हो!’’ नातू जिराफ मोजत होता. मी तिच्या हातांकडे बघत होतो. ते स्थिर होते.

तेव्हा कुणी मला विचारलं, की अशा सहलीत जेवण आधी ठरवावं का, तर मी आता असं सांगतो. दिवसाला एक जेवण जरूर ठरवावं, आणि ते घरातल्या सर्वांत कमी दम असलेल्या माणसाच्या वेळेला ठरवावं. म्हातारं माणूस असेल, आजारी असेल, लहान मूल असेल, त्याच्या घड्याळानं. बाकीचं मोकळं सोडावं. तीनही वेळा बांधून घेतल्या तर माणूस सहलीला न जाता वेळापत्रकाला जातो. पाळण्याची रांग अर्ध्यात सोडून टेबलाकडे धावतो. आणि बेत बदलला तर आरक्षण वेळेत रद्द करावं. दहा डॉलर वाचतात हे खरंच. पण त्या टेबलाकडे डोळे लावून बाहेर दुसऱ्या कुणाची तरी नानी उभी असते.

परत आल्यावर कोल्हापूरला एका लग्नाला जायचं होतं. मिरजेच्या स्टँडवर गाडी लागली. गेली कित्येक वर्षं मी ही धावाधाव सोडली होती. कवीनं खिडकीला लोंबकळू नये असं मला वाटायचं. त्या दिवशी मात्र गर्दीत घुसून मी खिडकीतून रुमाल आत टाकला. पत्नी मागून सावकाश आली आणि त्या जागेवर बसली. मी कोल्हापूरपर्यंत उभा होतो.