अल्झायमर रुग्णांची गृहशुश्रूषा

अल्झायमर झालेल्या व्यक्तीची तिच्याच घरी पगारी, प्रशिक्षित माणसांकडून होणारी देखभाल. अंघोळ, जेवण, औषधे, सोबत, सुरक्षितता आणि घरच्यांना मार्गदर्शन हे सारे तिच्यात येते. हाड मोडल्यावर किंवा शस्त्रक्रियेनंतर घरी परिचारिका ठेवतात, त्याहून ही शुश्रूषा मुळातच निराळी. तिथे रुग्ण बरा होईपर्यंतचे दिवस निभवायचे असतात. इथे आजार वर्षानुवर्षे वाढत जातो आणि आपण आजारी आहोत हे रुग्णाला बहुधा पटलेलेच नसते. कामावर आलेली मावशी त्याच्या लेखी घरात घुसलेली परकी बाई असते.

आलोइस अल्झायमर यांनी १९०६ मध्ये ट्यूबिंगेन येथे ज्या ऑगस्टे डी. या स्त्रीची हकिगत मांडली, ती फ्रँकफुर्टच्या मनोरुग्णालयात वारली होती. भारतात असे रुग्ण बहुतेक घरातच राहिले. मात्र त्यांची सेवा पत्नीच्या, सुनेच्या किंवा मुलीच्या वाट्याला आली आणि या सेवेला कोणी काम मानले नाही. ‘अल्झायमर्स अँड रिलेटेड डिसऑर्डर्स सोसायटी ऑफ इंडिया’ ही संस्था १९९२ मध्ये केरळात स्थापन झाली, तेव्हापासून या विषयाला देशात संघटित रूप येऊ लागले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय पाहणीवर आधारित अंदाजानुसार साठीपुढील ७.४ टक्के भारतीयांना, म्हणजे सुमारे ८८ लाख लोकांना, कोणत्या ना कोणत्या प्रकारचा स्मृतिभ्रंश आहे. अल्झायमर हा त्यातला सर्वांत मोठा प्रकार.

डोनेपेझिल, रिव्हास्टिग्मिन, गॅलँटामिन, मेमँटिन ही औषधे काही काळ लक्षणे सावरतात, आजार थांबवत नाहीत. म्हणून उरलेला सगळा भार देखभालीवर पडतो. इंग्लंडमधील ब्रॅडफर्डचे टॉम किटवुड यांनी १९९७ च्या आपल्या ग्रंथात आग्रहाने मांडले, की रुग्णाची अवस्था केवळ मेंदूच्या झिजेने ठरत नाही. भोवतालची माणसे त्याच्याशी कशी वागतात यानेही ठरते. आजच्या प्रशिक्षणाचा बराचसा पाया हाच आहे.

प्रत्यक्ष कौशल्य अगदी साध्या गोष्टींत दिसते. स्वतःच्याच घरात बसलेले आजोबा ‘मला घरी जायचंय’ म्हणू लागले, तर कसलेली मदतनीस वाद घालत नाही. घरी कोण कोण आहे ते विचारते, त्यांच्याबरोबर फाटकापर्यंत चक्कर मारून येते. अंघोळीला नकार मिळतो तो हट्टाने नव्हे. परक्यासमोर कपडे उतरवण्याची लाज आणि डोक्यावर पडणाऱ्या पाण्याची भीती त्यामागे असते. म्हणून आधी पाय, मग हात, डोके सर्वांत शेवटी. कपडे दोनच दाखवायचे, कपाट उघडून द्यायचे नाही. दिवेलागणीला अस्वस्थता वाढते. तेव्हा अंधार पडण्यापूर्वीच दिवे लावायचे, चहा द्यायचा, मटार सोलायला किंवा कपड्यांच्या घड्या घालायला बसवायचे. गॅस सिलिंडरपाशी बंद ठेवणे, दाराची कडी नजरेच्या टप्प्याबाहेर बसवणे, खिशात फोन नंबराची चिठ्ठी ठेवणे हेही तिच्याच कामात मोडते.

एकाएकी आरडाओरडा किंवा मारहाण सुरू झाली, तर आधी लघवीचा संसर्ग, बद्धकोष्ठ किंवा दुखणे नाही ना ते पाहावे लागते, कारण रुग्णाला ते सांगता येत नाही. घरचे मात्र गुंगीची गोळी मागतात. मनोविकारांवरील अशा औषधांनी स्मृतिभ्रंशाच्या वृद्ध रुग्णांत मृत्यूचा धोका वाढतो, असा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००५ मध्येच दिला आहे.

नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी निसटते आणि लहानपणची बोली टिकते. त्यामुळे मदतनिसाची भाषा कोणती, याला महत्त्व येते. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘अस्तु’ (२०१३) चित्रपटात याची उलटी बाजू आहे. मोहन आगाशे यांनी रंगवलेल्या संस्कृत पंडिताला हत्तीवाल्याची कन्नड बोलणारी बायको सांभाळते. अशी जन्मजात जाण अर्थातच नेमणूक करून मिळत नाही.

थोड्या प्रशिक्षणाने मात्र बरेच साधते, हे गोव्यात दिसले. तिसवाडी व बार्देश तालुक्यांत झालेल्या आणि २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत ८१ कुटुंबे होती. बारावी झालेल्या, स्थानिक भाषा जाणणाऱ्या गृहसल्लागारांना आठवडाभर शिकवून सहा महिने, निदान पंधरवड्यातून एकदा, घरोघर पाठवण्यात आले. पाठीशी समुपदेशक व मनोविकारतज्ज्ञ होते. देखभाल करणाऱ्या नातेवाइकांचे मानसिक स्वास्थ्य स्पष्टपणे सुधारले, रुग्णाच्या वागण्याचा त्यांना होणारा त्रास कमी झाला. रुग्णांच्या दैनंदिन क्षमतेत मात्र संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरेल असा फरक पडला नाही. या सेवेचा पहिला लाभार्थी कुटुंब असते, हे जाहिरातींत सहसा सांगितले जात नाही.

मुंबई-पुण्याकडे माणसे मिळतात ती मुख्यतः ब्युरोमार्फत, बारा किंवा चोवीस तासांच्या ड्युटीवर. ‘नर्स’ म्हणून आलेली व्यक्ती दर वेळी एएनएम किंवा जीएनएम हा परिचर्येचा अभ्यासक्रम झालेली नसते. राज्याच्या परिचर्या परिषदेची नोंदणी मागून पाहणे हाच त्यावर उपाय. चोवीस तासांची ड्युटी ही कागदावरची सोय आहे. रात्रभर येरझारा घालणाऱ्या रुग्णामागे जागलेली बाई दुसऱ्या दिवशी शांत राहील, ही अपेक्षाच चूक. तिची बदली झाली की रुग्णाची ओळख पुन्हा पहिल्यापासून. म्हणून जाणकार कुटुंबे त्याच्या सवयी, आवडी आणि नावे लिहिलेली वही ठेवतात.

महाराष्ट्रात १९४९ चा शुश्रूषागृह नोंदणी कायदा जागेला लागू होतो, घरी माणूस पुरवणाऱ्याला नाही. जर्मनीने १९९५ मध्ये आणि जपानने २००० मध्ये दीर्घकालीन देखभालीचा सार्वजनिक विमा सुरू केला. आपल्याकडचा मेडिक्लेम प्रामुख्याने रुग्णालयातील उपचारांभोवती फिरतो, त्यामुळे मदतनिसाचा पगार सहसा कुटुंबाच्याच खिशातून जातो.

शेवटच्या टप्प्यात रुग्ण अंथरुणाला खिळतो, तेव्हा काम परिचर्येच्या जवळ येते. साधारण दर दोन तासांनी कूस बदलणे, बेडसोर तपासणे, घास श्वासनलिकेत जाऊ नये म्हणून टेकवून बसवणे. गिळणे मंदावले की नाकातून नळी घालावी का, हा प्रश्न निघतोच. या अवस्थेत नळीने आयुष्य वाढते किंवा न्यूमोनिया टळतो, असा पुरावा नाही. म्हणून वृद्धचिकित्सातज्ज्ञ हाताने भरवण्याचा सल्ला देतात. पातळसर खिमट किंवा मऊ भात छोट्या चमच्याने, एक घास गिळल्याची खात्री करूनच दुसरा. एका जेवणाला पाऊण तास सहज लागतो, आणि कामाच्या वेळा ठरवताना तो आधीच धरावा लागतो.