शब्दांचें औषध आणि मेंदूची जखम

१९१४ सालीं युरोपांत महायुद्ध पेटलें आणि थोड्याच महिन्यांत लष्करी डॉक्टरांपुढें एक कोडें उभें राहिलें. सैनिकाच्या अंगावर जखम नाहीं. परंतु कोणाची वाचा बसलेली, कोणाची दृष्टि गेलेली, कोणी रात्रीं किंकाळी फोडून उठणारा. चार्ल्स मायर्स यांनीं १९१५ सालीं ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रांत या व्याधीविषयीं लिहितांना ‘शेल शॉक’ हें नांव योजिलें. अधिकाऱ्यांना मात्र तींत पुष्कळदां भ्याडपणाच दिसे. रणांगणांतून पळाल्याच्या व तत्सम गुन्ह्यांसाठीं ब्रिटिश साम्राज्याच्या ३०६ सैनिकांना स्वपक्षाच्याच गोळ्यांनीं मरण आलें. त्यांत अशा रोग्यांचाहि समावेश होता.

एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्टच्या रुग्णालयांत डॉ. विल्यम रिव्हर्स यांनीं निराळी वाट धरली. ‘झालें तें विसरा’, हाच उपदेश तेव्हां सर्वत्र केला जाई. दिवसा दडपलेली आठवण रात्रीं दुप्पट वेगानें उसळते, हें रिव्हर्स यांनीं ओळखलें. म्हणून ते रोग्याला ती बोलून दाखवावयास लावीत आणि तींतून सोसवेल असा कांहीं अर्थ शोधण्यास साहाय्य करीत. १९१७ च्या डिसेंबरांत त्यांनीं हा अनुभव विद्वानांपुढें मांडला. परंतु बोलण्यानें मेंदूंत काय पालटतें, हें पाहण्याचें साधन त्यांच्यापाशीं नव्हतें. १९२२ सालीं ते वारले.

१९८० सालीं अमेरिकेंतील मनोरोगतज्ज्ञांच्या संघटनेनें या व्याधीला आपल्या अधिकृत यादींत स्थान दिलें. पुढें १९९० नंतर एमआरआय यंत्रानें जिवंत मेंदूचें कार्य पाहतां येऊं लागलें. मेंदूंत अमिग्डाला नांवाचें बदामाच्या आकाराचें केंद्र आहे. संकटाची घंटा तें वाजवितें. या रोग्यांत तें बहुधा अतिजागृत आढळतें, आणि त्याला आवरणारा कपाळामागील भाग मंदावलेला. २००७ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत ८ रोग्यांचे मेंदू मानसोपचारापूर्वीं व नंतर तपासले गेले. ज्याला जितका अधिक उतार पडला, तितकी त्याची घंटा शांत झालेली आणि आवरणारा भाग जागा झालेला दिसला. ८ ही संख्या लहान आहे, व पुढील सर्व अभ्यासांचा कौल एकसारखा नाहीं. तथापि शब्दांचा परिणाम प्रत्यक्ष मेंदूवर उमटतो, या विचाराला त्यानें बळ दिलें.

२००६ सालीं ब्रिटिश पार्लमेंटनें त्या ३०६ सैनिकांना क्षमा केली. तोंवर त्यांच्या घरच्यांनीं नव्वद वर्षें भ्याडपणाचा कलंक वाहिला होता. ज्या माणसाचें कोणीं ऐकून घ्यावयास हवें होतें, त्याच्यापुढें त्या काळीं बंदुका उभ्या केल्या गेल्या, हें इतिहासानें विसरतां कामा नये.